यूरोपची सामाईक भाषा
यूरोपातील भिन्नभाषिकांनी परस्परव्यवहारासाठी स्वीकारावयाची एक भाषा. ती कोणती असावी, हा वाद लॅटिनचे महत्त्व ओसरू लागल्यावर उद्‌भवला. मध्ययुगात पश्चिम व मध्य यूरोपात धर्म, न्याय व विद्या यांची भाषा लॅटिन होती आणि ती कोणाचीच मातृभाषा नसल्याने ती शिकण्याचे कष्ट सर्वांना सारखेच पडत. न्यूटनचा प्रिन्किपिया (१६८७) लॅटिनमध्ये, तर ऑप्टिक्स (१७०४) इंग्‍लिशमध्ये प्रसिद्ध झाला.

राजनयात लॅटिनची जागा फ्रेंचने घेतली. बर्लिन अकादमीने फ्रेंचच्या सार्वत्रिक प्रसाराची कारणे विचारणारी निबंधस्पर्धा ठेवली व १७८४ मध्ये पारितोषिक रीव्हारॉल आणि श्वाब यांना विभागून दिले. रीव्हारॉलने या प्रसाराचे श्रेय फ्रेंच वाक्यरचनेच्या स्पष्टतेला दिले होते. भाषाशास्त्रदृष्ट्या हे मत टिकत नाही. भाषेच्या प्रसारामागे सत्ता व व्यापार असतात, व्याकरण क्वचितच. व्हर्सायच्या तहाचे (१९१९) फ्रेंच व इंग्‍लिश असे दोन्ही पाठ अधिकृत ठरले आणि फ्रेंचची मक्तेदारी संपली.

कोणाचीच नसलेली भाषा मुद्दाम घडवावी, हा दुसरा पक्ष. श्लायरची व्होलाप्यूक अल्पकाळ गाजली. रशियन, पोलिश, जर्मन व ज्यू वस्तीच्या ब्याविस्टॉक गावी जन्मलेल्या झामेनहॉफने (१८५९–१९१७) १८८७ मध्ये एस्पेरांतो प्रसिद्ध केली. तिचे व्याकरण अपवादरहित आहे. परंतु शब्दसंग्रह मुख्यतः रोमान्स व जर्मानिक भाषांतून घेतलेला असल्याने हंगेरियन वा फिनिश भाषिकाला ती इटालियन माणसाइतकी सोपी वाटत नाही. पेआनोने १९०३ मध्ये विभक्तिप्रत्यय गाळलेली लॅटिन सुचविली, ती विद्वानांपुरतीच राहिली.

यूरोपीय आर्थिक समुदायाने १९५८ मध्ये डच, फ्रेंच, जर्मन व इटालियन या चार भाषांना समान दर्जा दिला. यूरोपीय संघाच्या अधिकृत भाषा आता २४ असून त्यांच्यात भाषांतराच्या ५५२ दिशा संभवतात. एक भाषा मानल्यास हा खर्च वाचेल, असे म्हटले जाते. मात्र भाषांतराचा खर्च अंदाजपत्रकात दिसतो. परभाषा शिकण्यात गेलेली वर्षे त्यात कोठेच दिसत नाहीत. स्विस अर्थशास्त्रज्ञ फ्रांस्वा ग्रँ यांनी २००५ च्या अहवालात हाच भार हिशेबात धरला. केवळ इंग्‍लिश, इंग्‍लिश-फ्रेंच-जर्मन हे त्रिकूट आणि एस्पेरांतो या तीन पर्यायांपैकी शेवटचा त्यांना कमी खर्चाचा व अधिक न्याय्य आढळला. उलट बेल्जियन तत्त्वज्ञ फिलिप व्हान पारेस यांनी २०११ मध्ये इंग्‍लिशचाच पुरस्कार केला. तथापि ती फुकट लाभणाऱ्यांनी इतरांच्या शिक्षणाचा काही भार उचलावा, असेही त्यांनी सुचविले.

ब्रिटन २०२० मध्ये संघातून बाहेर पडल्याने वादाला निराळे वळण लागले. आयर्लंडने आपली भाषा म्हणून आयरिशची व माल्टाने माल्टीची नोंद केलेली आहे. इंग्‍लिश या दोन्ही देशांत राजभाषा असली, तरी संघातील तिचे मातृभाषिक आता अत्यल्प आहेत आणि त्यामुळे ती काहीशी लॅटिनप्रमाणे तटस्थ झाल्याचे तिचे समर्थक म्हणतात. संघाच्या भाषाविषयक नियमांतून ती वगळावयाची झाल्यास परिषदेतील सर्व सदस्य-राष्ट्रांचे एकमत आवश्यक आहे.