शीतगृहातला फोन

रत्नागिरीच्या मिरजोळे औद्योगिक वसाहतीत मासळीवर प्रक्रिया करणारे कारखाने आहेत. अशाच एका ठिकाणाहून आम्हाला बोलावणे आले. अंगणात मोबाइल व्यवस्थित चालतो. उणे १८ अंशांच्या शीतगृहात शिरून दार लावले की बंद. आत एकटा माणूस घसरून पडला तर हाक कशी मारणार?

दोष भिंतींचा होता. शीतगृहाची भिंत म्हणजे फोमचा जाड थर आणि त्याच्या दोन्ही अंगांना पत्रा. फोम उष्णता अडवतो, पत्रा रेडिओलहरी परतवतो. (वर्गात करून पाहा: मोबाइल ॲल्युमिनियमच्या कागदात, कुठेही फट न ठेवता, तीन-चार पदरी गुंडाळा आणि दुसऱ्या फोनवरून तो नंबर लावा.)

कंपनीचे स्वतःचे बिनतारी जाळे, म्हणजे वाय-फाय, कार्यालयात होतेच. त्याचा एक अँटेना केबलने शीतगृहात नेला. पेटी बाहेरच ठेवली, कारण साधी पेटी शून्याखालच्या तापमानासाठी बनवलेली नसते. आता मोबाइल टॉवरऐवजी वाय-फायला जोडला जातो आणि इंटरनेटवरून मोबाइल कंपनीच्या केंद्रापर्यंत एक सांकेतिक, सुरक्षित वाट तयार करतो. तिथून पुढे नेहमीसारखाच कॉल, नंबरही तोच. भारतात एअरटेलने ही सोय डिसेंबर २०१९ मध्ये आणली, जिओने जानेवारी २०२० मध्ये.

पहिल्या दिवशी मात्र आवाज तुटत होता. "इंटरनेटचा वेग वाढवून घेऊ का?" व्यवस्थापकांनी विचारले. आपण हिशेब करू. टेलिफोनच्या रूढ पद्धतीत आवाज सेकंदाला ८००० वेळा मोजतात आणि प्रत्येक माप ८ बिटांत लिहितात. झाले ६४,००० बिट. साधे वाय-फायसुद्धा याच्या शेकडो पट माहिती वाहून नेते. वेग कमी नव्हताच!

अडचण वेळेवर पोचण्याची होती. आवाजाचे साधारण २० मिलिसेकंदांचे तुकडे पाडतात. म्हणजे सेकंदाला ५० पाकिटे. छायाचित्राचे पाकीट अर्धा सेकंद उशिरा आले तरी काही बिघडत नाही. बोलण्याचे पाकीट तेवढे मागे पडले तर फेकूनच द्यावे लागते, कारण त्याची जागा केव्हाच निघून गेलेली असते. एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर संभाषण सहज चालते. बराच वाढला की दोघे एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात.

त्यात वाय-फायच्या एका वाहिनीवर एका वेळी एकानेच बोलायचे असते. बाकीची यंत्रे शांततेची वाट पाहतात. तरीही दोघे एकदम बोललेच तर पोच मिळत नाही. मग प्रत्येक जण चिठ्ठी काढल्यासारखा कमीजास्त वेळ थांबून पुन्हा प्रयत्न करतो. (शिक्षकांना हे दृश्य अनोळखी नसावे, फक्त वर्गात कोणी थांबत नाही.) इथे पहाऱ्याचे कॅमेरे याच वाहिनीवर अखंड बोलत होते. ते तारेवर घेतले आणि आवाजाच्या पाकिटांना कमी थांबावे लागेल अशी सोय पेटीत सुरू केली. आवाज सुधारला.

वीज गेली की पेटी बंद, आणि कोकणातला पावसाळा आपल्याला ठाऊक आहेच. म्हणून पेटीला बॅटरी जोडली. तरीही आतली धोक्याची घंटा आम्ही काढू दिली नाही. उलट तिचे बटण पडलेल्या माणसाचा हात पोचेल इतके खाली आणायला लावले.