शाळेतला पोलीस नेमका कशासाठी असतो?

अमेरिकेत मूल सहावीत गेलं की त्याची मिडल स्कूल सुरू होते, आणि नव्यानं तिकडे गेलेल्या मराठी आईवडिलांना शाळेच्या दाराशी अनेकदा गणवेशातला, कमरेला पिस्तूल लावलेला पोलीस दिसतो. आपल्याकडे शाळेत पोलीस आले म्हणजे काहीतरी विपरीत घडलं असणार, अशीच शंका येते. तिथे मात्र तो रोज येतो. त्याला ‘स्कूल रिसोर्स ऑफिसर’ म्हणतात. तो शहर पोलिसांच्या किंवा काउंटीच्या शेरीफच्या नोकरीत असतो आणि शाळांशी झालेल्या करारानुसार त्याची तिथे नेमणूक होते. काही ठिकाणी शिक्षण मंडळाचं स्वतःचंच पोलीस दल असतं.

बरेच पालक त्याला सुरक्षारक्षक समजतात. पण तो शपथ घेतलेला पोलीस असतो आणि त्याला अटकेचा अधिकार असतो. या अधिकाऱ्यांची राष्ट्रीय संघटना १९९१ मध्ये स्थापन झाली. तिच्या मते त्याचं काम तिहेरी आहे: कायदा राखणं, मुलांना कायद्याची ओळख करून देणं आणि अडचणीतल्या मुलाशी आपुलकीनं बोलणं. संघटनेचं पायाभूत प्रशिक्षण ४० तासांचं आहे. अकरा ते चौदा हे वय किती नाजूक असतं हे ज्यांनी घरात अनुभवलं आहे, त्यांना हे तास कमीच वाटतील. मलाही वाटतात.

ही पद्धत कोलंबाइन शाळेतल्या १९९९ च्या हत्याकांडानंतर सुरू झाली, असंही सर्रास सांगितलं जातं. तिची सुरुवात मिशिगनमधल्या फ्लिंट शहरात १९५० च्या दशकातच झाली होती. कोलंबाइननंतर केंद्र सरकारचा पैसा आला आणि ती देशभर पसरली, एवढं खरं. कोलंबाइनमध्येही असा अधिकारी नेमलेला होता, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

‘पोलीस आहे, म्हणजे गोळीबाराची भीती नाही’ हा समज तर सर्वांत घट्ट आहे. २०१८ मध्ये फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत १७ जणांचा बळी गेला, तेव्हा शाळेवर नेमलेला सशस्त्र अधिकारी इमारतीबाहेरच थांबला होता. २०२२ मध्ये टेक्सासमधल्या उवाल्डीत १९ मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. तिथल्या शाळांचं तर स्वतःचं पोलीस दल होतं. १९८० ते २०१९ मधल्या १३३ घटनांच्या २०२१ च्या अभ्यासात, सशस्त्र रक्षक असलेल्या शाळांत मृत्यूचं प्रमाण कमी आढळलं नाही, उलट जास्तच आढळलं. रक्षकामुळेच ते वाढलं, असा याचा अर्थ नाही. पण त्याच्या असण्यानं मुलं वाचतात, हेही त्यातून सिद्ध होत नाही. पोलीस असलेल्या शाळांत मारामाऱ्या कमी होतात, असं इतर संशोधनात दिसलं आहे. त्याच शाळांत मुलांना निलंबित करण्याचं आणि त्यांची प्रकरणं पोलिसांकडे जाण्याचं प्रमाण मात्र वाढतं. हा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. २०१५-१६ च्या सरकारी आकडेवारीत विद्यार्थ्यांमध्ये कृष्णवर्णीय मुलं १५ टक्के होती. पोलिसांकडे सोपवलेल्या किंवा अटक झालेल्या मुलांमध्ये ती ३१ टक्के होती. वर्गातली शिस्त हे शिक्षकांचं काम आहे, अधिकाऱ्यानं त्यात पडू नये, असं त्यांची संघटनाच सांगते. हे सगळीकडे पाळलं जात नाही, याचीच मला जास्त चिंता वाटते.

आता पालकांना सर्वांत जवळचा प्रश्न. ‘तो तर मुलांचा मित्र, त्याच्याशी बोलायला काय हरकत?’ हाय-हॅलो करायला, रस्ता विचारायला, कुणी छळत असेल तर सांगायला काहीच हरकत नाही. चौकशी ही वेगळी गोष्ट आहे. २००५ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या एका मिडल स्कूलमध्ये सातवीतल्या १३ वर्षांच्या मुलाला गणवेशातल्या अधिकाऱ्यानं वर्गातून उठवून एका बंद खोलीत नेलं. तिथे दोन पोलीस आणि शाळेचे दोघे होते. घरफोडीबद्दल किमान अर्धा तास प्रश्न विचारले गेले. गप्प राहण्याचा हक्क आहे, हे त्याला आधी कुणी सांगितलं नाही. त्याचा सांभाळ करणाऱ्या आजीशी बोलण्याची संधीही दिली नाही. मुलानं कबुली दिली. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०११ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला: मूल पोलिसांच्या ताब्यात होतं की नाही हे ठरवताना त्याचं वय लक्षात घेतलंच पाहिजे. ‘मी उठून जाऊ शकतो’ हे मोठ्या माणसाला कळतं. मोठ्यांचं ऐकायचं असं शिकवलेल्या तेरा वर्षांच्या मुलाला ते सुचतही नाही. आपल्या घरांतली मुलं तर याच वळणाची असतात.

मुलाला प्रश्न विचारण्याआधी पालकांना कळवलंच पाहिजे, असा देशभर एकच नियम नाही. म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच शाळेकडे पोलिसांशी झालेला करार मागा. अधिकारी चौकशी कधी करतो, पालकांना कधी कळवतो, शिस्तीच्या बाबतीत त्याला किती अधिकार आहे, हे त्यात वाचा. लिहिलेलं नसेल तर मुख्याध्यापकांना लेखी विचारा. आणि मुलाला नीट समजावून सांगा: पोलिसांशी नम्रपणे बोल, खोटं बोलू नकोस, पळू नकोस. पण प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली, तर ‘आधी माझ्या आईबाबांना बोलवा’ एवढंच सांग आणि आम्ही येईपर्यंत थांब.