बांधलेला कुत्रा चावतो का?

‘कुत्रा घरचाच आहे, डॉक्टरसाहेब,’ असे म्हणत पालक चावा घेतलेले मूल आणतात. दिवसभर साखळीला बांधलेला कुत्रा कंटाळतो, चिडतो. त्याला रोज फिरवावे आणि टणक रबराच्या पोकळ चेंडूत भाकरीचे तुकडे व दही भरून द्यावे. हुंगत, चाटत अन्न काढण्यात तो रमतो. चेंडू तोंडात पूर्ण मावणारा नसावा. जीभ अडकू नये म्हणून त्याला दोन भोके असावीत. कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट कुत्र्याला विषारी असतात. तो खात असताना मुलांना दूर ठेवावे. तरीही चावलाच, तर चुना-तिखट लावू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे जखम धुवा आणि लगेच सरकारी दवाखाना गाठा, कुत्रा घरचा असला तरी! रेबीज झाल्यावर उपाय नाही. लस मात्र आहे.