साधन घरात आलं, वेळ कुठे गेला?

कष्टांचा हिशेब : भाग 5

मागच्या दोन भागांत आपण शेतातली अवजारं पाहिली. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा दातेरी वैभव विळा, उभ्याने चालवायचं सायकल कोळपं, मक्याचे दाणे सोलायची नळी. ही सगळी अवजारं बाई बांधावर पोचल्यावर कामाला येतात. तिचा दिवस मात्र त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेला असतो आणि शेतातून परतल्यावरही तो चालूच राहतो. म्हणून या भागात घराकडे वळू : दळण, पाणी, चूल आणि मूल.

आधी थोडे आकडे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने 2019 मध्ये लोक आपला वेळ कशात घालवतात याची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रियांची रोजची सरासरी 299 मिनिटं त्यात जात होती, पुरुषांची 97. पाच वर्षांनी, 2024 मध्ये, हेच आकडे 289 आणि 88 आले. ही सरासरी शहर-खेडं मिळून आहे. आता याच काळात काय काय झालं ते पाहा. उज्ज्वला योजनेची आठ कोटीवी गॅसजोडणी सप्टेंबर 2019 मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, दिली गेली. त्याच वर्षी जलजीवन मिशन सुरू झालं तेव्हा नळ असलेली ग्रामीण घरं सव्वातीन कोटींच्या आसपास होती. 2024 अखेर सरकारी नोंदींत ती 15 कोटींच्या वर गेली. एवढं सगळं येऊन बाईची वाचली 10 मिनिटं. मुलाबाळांच्या आणि म्हाताऱ्यांच्या देखभालीची मिनिटं तर 134 वरून 137 झाली.

यातून साधनं कुचकामी ठरत नाहीत. पण काम हलकं होणं वेगळं आणि काम हातातून सुटणं वेगळं, हा फरक खरेदी करताना कुणी विचारात घेत नाही. हलक्या झालेल्या कामालाही बाईने तिथे हजर राहावंच लागतं. सुटलेल्या कामाच्या वेळात ती दुसरीकडे असू शकते.

सुटलेल्या कामाचं आपल्याकडचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे पिठाची गिरणी. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्या जातं मागे पडत चाललं होतं त्या काळात. गिरणी इतकी पसरली त्याला कारणं आहेत. पहाटेचं अख्खं काम घराबाहेर गेलं. यंत्र घ्यायला कुठल्याही बाईला पैसे उभे करावे लागले नाहीत. किलोमागे दळणावळ दिली की झालं. आणि तिसरी गोष्ट, दळणाचा डबा सायकलला लागला तसा तो पोरांनी, बाप्यांनी नेला तरी चालू लागलं. डोक्यावरचं ओझं बाईचं आणि चाकावरचं बाप्याचं, असा आपल्याकडे न लिहिलेला नियमच आहे. टंचाईच्या दिवसांत मोटारसायकलला कॅन बांधून पाणी आणणारे पुरुष दिसतात. डोक्यावर हंडा घेतलेला पुरुष शोधावा लागतो.

पाण्याला चाक लावायचा एक प्रयत्न दक्षिण आफ्रिकेत झाला. पेटी पेट्झर आणि योहान योंकर यांनी 1991 मध्ये ‘हिप्पो रोलर’ तयार केला. 90 लिटरचा ड्रम आडवा पाडायचा आणि दांड्याने लोटत न्यायचा. 15 लिटरच्या हंड्याच्या सहा खेपांचं पाणी एका खेपेत येतं आणि वजन मानेवर न येता जमिनीवर राहतं. तसेच लोटायचे ड्रम आपल्याकडे ठाणे-पालघरच्या पाड्यांवरही संस्थांनी वाटले. सपाट पायवाटेवर ते फार उपयोगी आहेत. पण विहीर दरीत आणि पाडा वर असेल तर दगडधोंड्यांतून भरलेला ड्रम चढवणं एकटीच्या आवाक्यातलं नसतं. तिथे चुंबळ काही सुटत नाही.

नळ आला तिथे खेप सुटते, पण वाट पाहणं सुरू होतं. पाणी दिवसाआड येणार, तेही सकाळी येईल की दुपारी याचा भरवसा नाही. मग खुरपणीचा अर्धा दिवस नळापाशी जातो. अशा घराला 500 लिटरची टाकी आणि तिला एक बॉलकॉक बसवून दिला तर पाणी आपलं आपण भरतं, भरलं की थांबतं. बाई शेतात असली तरी चालतं. दाखवायला ही गोष्ट फार साधी आहे, म्हणून वाटपाच्या समारंभांत ती दिसत नाही.

चुलीचंही तसंच आहे. गॅसमुळे सरपणाची मोळी आणि काजळी धरलेली भांडी घासणं वाचतं, आणि धूर जातो. ही बचत मोठी आहे. मात्र 14.2 किलोची टाकी पुन्हा भरायचा प्रश्न उरतो. महाराष्ट्रात 2024 पासून अन्नपूर्णा योजनेत पात्र घरांना वर्षाला तीन टाक्या मोफत मिळू लागल्या, पण तेवढ्यावर वर्ष निघत नाही. मग चहा-भाजी गॅसवर, आणि आंघोळीचं पाणी नि भाकरी चुलीवर, अशी वाटणी होते. म्हणजे मोळी आणावी लागतेच.

इथे एक जुनी युक्ती फार कामाची आहे. डाळ एकदा उकळली की जाळ कितीही वाढवा, उघड्या पातेल्यात ती 100 अंशांच्या पुढे तापत नाही. त्यानंतरचा सगळा जाळ भांड्यातून निसटणारी उष्णता भरून काढण्यात जातो. ती निसटूच दिली नाही तर जाळ लागत नाही. भिजवलेली डाळ झाकण ठेवून दहा-पंधरा मिनिटं खळखळ उकळायची, मग पातेलं तसंच टोपलीत ठेवून खालून, वरून, चारही बाजूंनी पेंढा किंवा जुन्या गोधड्या गच्च दाबायच्या. दोनेक तासांत डाळ शिजते; जेवायच्या आधी पुन्हा एक उकळी द्यायची. भातही असाच होतो. सरपण वाचतं ते वेगळंच. खरा फायदा हा, की चुलीपाशी कुणाला थांबावं लागत नाही.

आता सर्वांत अवघड काम : मूल. चालायला लागलेलं, पण अजून अंगणवाडीत बसवता न येणारं. कडेवर घेतलं तर एक हात अडकतो आणि खुरपणी दोन हातांची. बाभळीला लुगड्याची झोळी बांधून तान्हं निजवता येतं. वर्षाचं झालं की ते झोळीतून उतरतं आणि विहीर, साप, ट्रॅक्टर, फवारणीचा डबा या सगळ्यांच्या वाटेत येतं. बाजारात यावर उपाय म्हणून कठडा मिळतो, म्हणजे चारी बाजूंनी बंद खेळायची जागा.

या कठड्याची मोठी परीक्षा बांगलादेशात झाली. तिथे घराशेजारीच तळी असतात आणि आई कामात असताना लहान मुलं बुडतात. ‘सॉलिड’ नावाच्या प्रकल्पात काही घरांना कठडे दिले, काही वस्त्यांत ‘आँचल’ ही पाळणाघरं उघडली, काही ठिकाणी दोन्ही केलं. आँचल म्हणजे गावातल्याच एका बाईच्या घरी 9 महिने ते 4 वर्षांची वीस-पंचवीस मुलं, सोबत एक मदतनीस, आठवड्याचे सहा दिवस सकाळी नऊ ते दुपारी एक. पाळणाघरात जाणाऱ्या मुलांचं बुडणं खूपच घटलं. नुसत्या कठड्याने फरक पडल्याचं स्पष्ट दिसलं नाही. मूल कठड्यात किती वेळ राहणार? रडलं की कुणीतरी उचलतंच. बांगलादेश सरकारने 2022 मध्ये अशी 8,000 केंद्रं उघडायची योजना मंजूर केली.

आपल्याकडे नेमक्या याच वयाला फारशी जागा नाही. अंगणवाडीत बसवून शिकवायची, खाऊ घालायची सोय तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी. त्याहून लहानांना घरी न्यायचा शिधा मिळतो, सांभाळ मिळत नाही. 2005 च्या रोजगार हमी कायद्याने एक शहाणी तरतूद केली होती : कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची आणि तिला मजुरी द्यायची. मूल सांभाळणं हे मजुरीचं काम आहे, हे त्यात कायद्याने मान्य केलं. 2022 पासून ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची सोयही झाली आहे.

म्हणून बचत गटाकडे साधनांसाठी पैसे आले तर यादी करताना आधी विचारावं, की हे आल्यावर बाईला त्या वेळी घरी थांबावं लागेल का. टाकी, बॉलकॉक, शिजवायची टोपली, गावात मिरची-हळद कांडायचं यंत्र या कसोटीला उतरतात. आणि यादीच्या वरच्या ओळीत एका माणसाची मजुरी लिहावी. समजा खुरपणीला दहा जणी आहेत आणि रोज 300 रुपये आहे. प्रत्येकीने तीस रुपये काढले तर अकरावीला पूर्ण रोज देऊन मुलांपाशी बसवता येतं. बाकी लागते ती सावली, एक सतरंजी, पाण्याचा माठ आणि दाराला मुलांच्या हाताला न लागणारी कडी.

पण खुरपणाऱ्या बाईनेच आपल्या रोजातून हे तीस रुपये का द्यावेत? शेताचा मालक, ग्रामपंचायत, साखर कारखाना यांचा वाटा किती? पुढच्या भागात हाच हिशेब मांडू.