साखर अचानक उतरली तर

आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाई मधुमेहाच्या. एका सकाळी त्यांची मुलगी धावत वर आली. "मावशी, आई काहीतरीच बरळतेय, अंग घामानं भिजलंय!" मी मशीन घेऊन गेले. साखर ४६. बाईंनी सवयीप्रमाणे गोळी घेतली होती, पण पोट बिघडलं म्हणून नाश्ता केला नव्हता.

साखर उतरण्याचं नेहमीचं कारण हेच: औषध पोटात आणि अन्न नाही. इन्सुलिन किंवा ग्लिबेनक्लामाईड, ग्लिमेपिराईड या गोळ्या तुम्ही जेवलात की नाही हे पाहत नाहीत. नुसत्या मेटफॉर्मिनने असं सहसा होत नाही. रिकाम्या पोटी दारू, नेहमीपेक्षा जास्त चालणं हीही कारणं. म्हातारपणी मूत्रपिंड थकलं की औषध अंगात रेंगाळतं, म्हणून आपल्या वयाच्यांनी जास्त जपावं. किप्पूरचा उपास धरायचा असेल तर गोळ्यांचं काय करायचं ते आठवडाभर आधी विचारा, आदल्या संध्याकाळी नको.

आकडा ७० च्या खाली गेला की तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोचते. बरं वाटल्यावर काहीतरी खायला द्या. गोळीचा असर पुष्कळ तास टिकतो, साखर पुन्हा उतरू शकते, तेव्हा डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०१ ला फोन करा.

आता त्याच घरातली दुसरी गोष्ट. साखर बंद म्हणून बाईंनी बिनसाखरेचं च्युइंगम आणलं. त्यांच्या चिमुकल्या कुत्र्याने पर्समधून काढून अख्खं पाकीट फस्त केलं. थोड्याच वेळात तो झोकांड्या खाऊ लागला. त्या च्युइंगममध्ये झायलिटॉल होतं. त्याने माणसाची साखर अशी उतरत नाही, पण कुत्र्याचं स्वादुपिंड त्याला साखर समजून भरमसाट इन्सुलिन सोडतं. जास्त खाल्लं तर यकृतही निकामी होतं. शिरेतून ग्लुकोज दिलं, तेव्हा तो वाचला. (१९२१ साली टोरांटोला बँटिंग आणि बेस्ट यांना इन्सुलिन सापडलं ते कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून, हे मला तेव्हा आठवलं.)

लहान जातीच्या पिल्लांची साखर एकदोन वेळचं खाणं चुकलं तरी उतरते. मधुमेही कुत्र्याला इन्सुलिन टोचून तो जेवला नाही, तर त्याचंही आपल्यासारखंच होतं. झायलिटॉल काही टूथपेस्टमध्ये आणि बिनसाखरेच्या गोळ्यांतही असतं. कुत्र्याने असलं काही खाल्लं तर तो बरा दिसला तरी थांबू नका. रिकामं पाकीट बरोबर घेऊन लगेच प्राण्यांच्या डॉक्टरकडे जा.