३४२ मुक्काम

१९५६ साली बी. बी. किंगने ३४२ कार्यक्रम केले. रात्री गायचे, सामान बसमध्ये चढवायचे, उजाडेपर्यंत पुढचे गाव गाठायचे आणि संध्याकाळी पुन्हा सूट चढवून उभे राहायचे. वर्षात मोकळे राहिले ते २४ दिवस. तेही लीप वर्ष होते म्हणून.

ब्लूज गाणारा म्हटला की गुत्त्याच्या कोपऱ्यात ग्लास घेऊन बसलेला, प्रेमात पोळलेला माणूस आपल्या डोळ्यांपुढे येतो. किंग त्या चित्रात बसत नाही. इस्त्रीचा सूट, शिस्तीचा बँड आणि दारावर किती गल्ला जमला यावर नजर, असा हा माणूस. त्याचे आयुष्य समजून घ्यायचे तर गाण्यांआधी त्याचा जमाखर्च पाहावा, असे मला वाटते.

रायली किंग जन्मला १६ सप्टेंबर १९२५ रोजी, मिसिसिपीच्या कापूस-पट्ट्यात. इंडियनोला गावाजवळच्या मळ्यावर तो ट्रॅक्टर चालवायचा. १९४६ मध्ये एकदा त्याच्या हातून ट्रॅक्टरचे धुराचे नळकांडे मोडले. मालकाच्या भीतीने तो गिटार घेऊन थेट मेम्फिसला पळाला. पण काही महिन्यांनी परतला, पुन्हा मळ्यावर राबला, देणे फेडले आणि मगच १९४८ मध्ये कायमचा शहरात आला. तिथे डब्ल्यूडीआयए रेडिओवर ‘पेप्टिकॉन’ नावाच्या टॉनिकची जाहिरात गाता गाता त्याला ‘ब्लूज बॉय’ हे नाव पडले. त्याचेच पुढे बी. बी. झाले.

१९५२ च्या सुरुवातीला ‘थ्री ओ’क्लॉक ब्लूज’ कृष्णवर्णीयांच्या गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. आता पैसा येणार, असे कोणालाही वाटले असते. पण त्या काळी रेकॉर्ड विकली जायची कंपनीसाठी. किंगच्या कित्येक गाण्यांवर कंपनीच्या मालकांनी टोपणनावांनी सहगीतकार म्हणून स्वतःची नावे घातली आणि मानधनातला वाटा उचलला. गाणाऱ्याच्या दृष्टीने रेकॉर्ड ही कार्यक्रमाची जाहिरात होती. पोट भरायचे ते रस्त्यावर.

हा रस्ता ठरलेला होता. कृष्णवर्णीय प्रेक्षकांसाठी चालणाऱ्या नाट्यगृहांच्या, नाचघरांच्या आणि खेड्यांतल्या गुत्त्यांच्या साखळीला ‘चिटलिन सर्किट’ म्हणत. न्यूयॉर्कचे अपोलो, शिकागोचे रीगल, वॉशिंग्टनचे हॉवर्ड ही त्यातली मोठी ठिकाणे. त्याखाली आर्कान्सा, अलाबामा, टेक्ससमधली असंख्य लहान गावे. दक्षिणेत गोऱ्यांच्या हॉटेलात खोली मिळत नसे, पेट्रोल पंपावर संडास वापरू देत नसत. कुठे उतरता येईल, कुठे जेवता येईल याची माहिती देणारे ‘ग्रीन बुक’ १९३६ पासून निघत होते. पण डझनभर वादकांचा ताफा रात्री दोन वाजता कोणत्या खाणावळीत शिरणार? म्हणून बस हेच घर. किंगच्या बसचे नाव होते ‘बिग रेड’.

१९५८ मध्ये टेक्ससमध्ये त्या बसची एका ट्रकशी धडक झाली. ट्रकमधली माणसे दगावली. किंग बसमध्ये नव्हता, पण विमा नेमका त्याच सुमारास बंद पडलेला होता. सुमारे एक लाख डॉलरचे देणे अंगावर आले आणि ते त्याने पुढची कैक वर्षे कार्यक्रम करून फेडले. तमाशाचा फड ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांना हे गणित उलगडून सांगायला नको. अंगावर उचल असली आणि माणसे सांभाळायची असली की पुढची सुपारी घ्यावीच लागते.

त्याच्या गिटारचे नावही एका मुक्कामातच पडले. १९४९ चा हिवाळा, आर्कान्सातले ट्विस्ट हे गाव. नाचघरात ऊब यावी म्हणून मधोमध एका पिंपात रॉकेल पेटवलेले. दोघे जण एका बाईवरून भांडले, पिंप लवंडले, इमारत पेटली. बाहेर पळालेल्या किंगला गिटार आत राहिल्याचे आठवले आणि तो आगीत परत शिरला. त्या बाईचे नाव ल्युसिल होते, हे त्याला दुसऱ्या दिवशी कळले. पुन्हा असला मूर्खपणा होऊ नये याची आठवण म्हणून त्याने गिटारचे नाव ल्युसिल ठेवले, आणि नंतरच्या प्रत्येक गिटारचेही. गिटारच्या पोकळ अंगामुळे मोठ्या आवाजात शिट्टी वाजते, म्हणून तो तिच्या छिद्रांत कापडाचे बोळे कोंबत असे. १९८० मध्ये गिब्सन कंपनीने त्याच्या नावाने छिद्रेच नसलेले मॉडेल काढले. एकाच वेळी गाणे आणि वाजवणे जमत नाही, असे तो उघडपणे सांगे. ओळ संपली की ल्युसिल बोलायची. तीन-चार सुरांत, डाव्या हाताच्या थरथरीने. ‘लाइव्ह ॲट द रीगल’ ही २१ नोव्हेंबर १९६४ ची ध्वनिफीत ऐकली की त्या थरथरीवर बायका कशा ओरडतात ते ऐकू येते. एवढ्या रात्रींच्या सरावाने प्रेक्षक नेमका कुठे ओरडणार हे त्याला ठाऊक झाले होते, असा माझा अंदाज.

या भटकंतीचा घरावर काय परिणाम झाला, ते उघड आहे. दोन लग्ने झाली, दोन्ही मोडली, आणि दोन्हींत दोष रस्त्याला दिला गेला.

१९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर सभागृहात लांब केसांची गोरी पोरे त्याला ऐकायला उभी राहिली, तेव्हा तो रडला. ‘द थ्रिल इज गॉन’ या गाण्याने १९७० मध्ये त्याला सर्वदूर नेले. मोठ्या सभागृहांची आमंत्रणे आली, देणी फिटली. तरी वर्षाला दोनशेच्या वर कार्यक्रम चालूच. इथे माझा जमाखर्चाचा सिद्धांत थोडा लंगडा पडतो, हे मान्य करायला हवे. बँडचे पगार आणि लास व्हेगासमधला जुगार धरूनही हिशेब जुळत नाही.

रस्त्यावर राहण्याची ही खोड त्याच्या एकट्याची नव्हती. ब्लूज गिटारवादक बडी गाय सत्तरी ओलांडल्यावरही २०११ मध्ये मुंबईत, वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत पहिल्या महिंद्रा ब्लूज महोत्सवात वाजवायला आला होता. किंगने तर २००६ मध्ये निरोपाचा जागतिक दौरा जाहीर केला, तो पार पाडला आणि मग पुन्हा दौऱ्यावर निघाला. मधुमेह होता, खुर्चीत बसून वाजवत होता. ३ ऑक्टोबर २०१४ रोजी शिकागोत कार्यक्रमादरम्यान त्याची तब्येत बिघडली. त्या दौऱ्यातले आठ कार्यक्रम बाकी होते. ते रद्द करावे लागले.