घराचा पत्ता पुसायचा कसा?

आमदाराला, नगरसेवकाला किंवा फौजदाराला समाजमाध्यमांवर शिव्या घालणारे कुठल्या देशात नाहीत? बहुतेक शिव्या तिथल्या तिथे विरतात, आणि ज्याच्या हाती सत्ता आहे त्याने त्या ऐकून घ्याव्यात, असेच माझे मत आहे. शिवीशेजारी घराचा पत्ता येऊन बसला की मात्र प्रकरण वेगळे होते. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याने शिव्यांच्या मागे न लागता नेमका हा पत्ता धरला. त्याची रीत समजून घेण्यासारखी आहे.

१९ जुलै २०२०, रविवार. फेडरल न्यायाधीश एस्थर सालस यांच्या घराच्या दारात कुरिअरवाल्याच्या वेशातला माणूस उभा राहिला. त्याने झाडलेल्या गोळ्यांनी त्यांचा वीस वर्षांचा एकुलता एक मुलगा डॅनियल गेला, पती गंभीर जखमी झाले. हल्लेखोर पेशाने वकील होता. सालस यांच्यापुढे त्याने एक खटला चालवला होता. या कुटुंबाची खासगी माहिती त्याने पद्धतशीर जमवून ठेवली होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राज्याने ‘डॅनियलचा कायदा’ केला.

मुळात पत्ता इंटरनेटवर येतो कसा? कोणी चोरून आणत नाही. अमेरिकेत घर घेतले की खरेदीखत काउंटीच्या दप्तरी नोंदले जाते, मालमत्ता कराच्या यादीत मालकाचे नाव लागते, मतदार नोंदणीतही पत्ता असतो. ही सरकारी दप्तरे बऱ्याच अंशी कोणालाही पाहता येतात. डेटा ब्रोकर म्हणवणाऱ्या कंपन्या ती घाऊक उचलतात, त्यांना मोबाइल क्रमांक, जुने पत्ते आणि नातलगांची नावे जोडतात आणि माणूस शोधून देणाऱ्या संकेतस्थळांवर ती जुळवलेली माहिती काही डॉलरना विकली जाते. एका ठिकाणचा पत्ता काढला तरी मूळ दप्तरात तो असतोच, त्यामुळे हरळीसारखा दुसरीकडून पुन्हा उगवतो.

म्हणून उपाय दोन्ही टोकांना करावा लागतो. सरकारी टोकाला राज्याने एक स्वतंत्र कार्यालयच उघडले. न्यायाधीश, सरकारी वकील, पोलीस, त्यांच्यातले निवृत्त आणि त्यांच्या घरात राहणारे जवळचे कुटुंबीय तिथे अर्ज करतात; अर्ज मंजूर झाला की सार्वजनिक नोंदींतला त्यांचा घरपत्ता झाकला जातो. याची किंमतही असते आणि अर्जदाराला ती समजल्याचे लिहून द्यावे लागते. शेजारच्या बांधकामाची नोटीस कदाचित मिळणार नाही, उमेदवाराच्या अर्जावरची सही बाद ठरू शकते, घर विकताना अडचण येऊ शकते. सरकारी दप्तर उगाच उघडे नसते, हे अशा वेळी कळते.

खासगी टोकाला काम नोटिशीने होते. पत्ता किंवा प्रसिद्ध नसलेला फोन क्रमांक दाखवणाऱ्या कंपनीला संबंधित व्यक्तीने लेखी कळवायचे. कंपनीने कामकाजाच्या दहा दिवसांत तो काढायचा. न काढल्यास प्रत्येक उल्लंघनामागे किमान हजार डॉलर भरपाई. रक्कम फुटकळ वाटेल, पण ती हजारो पोलिसांनी गुणून पाहा. आपला दावा दुसऱ्याकडे सोपवण्याची मुभा मिळाल्यावर २०२४ मध्ये अ‍ॅटलस नावाच्या कंपनीने सुमारे वीस हजार जणांच्या वतीने शंभराहून अधिक कंपन्यांना कोर्टात खेचले. कंपन्यांचा बचाव असा की खरी माहिती प्रसिद्ध करणे हे अभिव्यक्तिस्वातंत्र्यच आहे.

हा बचाव हसण्यावारी नेण्यासारखा नाही. न्यू ब्रन्सविक शहराचा पोलीस प्रमुख शहरापासून दोन तासांहून दूर राहतो, हे एका पत्रकाराने सरकारी नोंदींतूनच शोधले. प्रमुखाने त्याच्यावर हाच कायदा उगारला. जून २०२५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तो असा: प्रमुख कुठल्या गावी राहतो हा लोकहिताचा विषय आहे आणि पत्रकाराने तो जरूर मांडावा, त्यासाठी घराचा नेमका पत्ता छापण्याची गरज नाही. मला ही रेघ योग्य जागी ओढलेली वाटते.

निवडून आलेल्यांच्या बाबतीत मात्र ती इतकी सरळ राहत नाही. पोलिसाची नेमणूक तो कुठे राहतो यावर अनेक ठिकाणी अवलंबून नसते. लोकप्रतिनिधीने मतदारसंघात राहणे ही तिथे अनेक ठिकाणी निवडणुकीचीच अट असते, आणि ती पाळली की नाही हे पत्त्याशिवाय तपासणार कसे? कॅलिफोर्नियाने आमदारांचे पत्ते इंटरनेटवरून उतरवण्याचा कायदा केला होता. बंदुकांसंबंधीच्या कायद्याला विरोध म्हणून आमदारांचे पत्ते प्रसिद्ध करणाऱ्या एका लेखकाविरुद्ध तो वापरण्यास फेडरल न्यायालयाने २०१७ मध्ये मनाई केली. मग १४ जून २०२५ रोजी मिनेसोटात पोलिसाच्या वेशातल्या माणसाने आमदार मेलिसा हॉर्टमन आणि त्यांच्या पतीला राहत्या घरी मारले. आरोपीच्या वह्यांत माणसे शोधून देणाऱ्या संकेतस्थळांची यादी सापडली. त्यानंतर पत्ते झाकण्याची मागणी करणाऱ्या लोकप्रतिनिधींना आढ्यताखोर म्हणणे कठीण झाले.

आपल्याकडे उमेदवाराचे प्रतिज्ञापत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर चढते आणि त्यात पत्ता असतो. मालमत्ता आणि गुन्हे उघड व्हावेत म्हणून ते प्रतिज्ञापत्र आहे. घर क्रमांक सगळ्या जगाला दिसला नाही तर मतदाराचे काही अडत नाही. तेवढी ओळ झाकायला हरकत नसावी.

न्यू जर्सीत मराठी घरे पुष्कळ आहेत. तुमच्या घरातला कोणी तिथे पोलीस, सरकारी वकील किंवा न्यायाधीश असेल तर एवढे ध्यानात ठेवा: त्याच घरात राहणारे कुटुंबीयही या संरक्षणाला पात्र असतात, पण ते आपोआप मिळत नाही. राज्याच्या कार्यालयाकडचा अर्ज वेगळा आणि कंपन्यांना पाठवायच्या नोटिसा वेगळ्या. दोन्ही गोष्टी कराव्या लागतात.